बॉल पायथनचा चार फुटी तयार संच: पेटी घ्या, बाकीचं सामान पारखून ठेवा

बॉल पायथन या पाळीव सापासाठी 'सगळं एकात' म्हणून विकल्या जाणाऱ्या संचांची नावं निरनिराळी असली, तरी खोकं उघडल्यावर आत निघणारा माल जवळपास सारखाच असतो. १२० × ६० × ६० सेंटिमीटरची, म्हणजे चार बाय दोन बाय दोन फुटांची पीव्हीसीची पेटी, तिला समोरून दोन सरकत्या काचा, एक हीट मॅट (विजेवर तापणारी चपटी चटई), एक लाल किंवा निळा दिवा, काट्याची दोन गोल मापकं, लाकडाचा अर्धा पोकळ ओंडका, तळाला पसरायच्या कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) एक वीट, पाण्याची वाटी आणि प्लास्टिकची वेल. संचाला सरसकट चांगला किंवा वाईट म्हणता येत नाही, म्हणून इथे एकेक वस्तू हातात घेऊन बघू. पेटीला आमच्याकडून जवळपास पूर्ण गुण. उष्णतेचं सामान मात्र बहुतेक सगळं बदलावं लागतं, आणि साप आजारी पडतो तो बहुधा तिथेच.

आधी पेटी. वर जाळी असलेली काचेची टाकी दिसायला छान, पण ऊब आणि दमटपणा दोन्ही जाळीतून निघून जातात. मग जाळीवर फॉइल लावा, दिवसातून तीनदा फवारा मारा, असे उद्योग सुरू होतात. पीव्हीसीची पेटी तीन बाजूंनी आणि वरून बंद असल्यामुळे आतली हवा टिकून राहते. दुसरं असं की बॉल पायथन मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. उंदरांची बिळं आणि वाळवीची वारुळं ही त्याची राहायची जागा. चहूबाजूंनी काच म्हणजे त्याच्या लेखी उघडं माळरान. समोरून उघडणाऱ्या पेटीत हातही समोरून जातो. वरून झडप घालणाऱ्या हाताला साप घार समजतो आणि तसाच वागतो.

फळीची जाडी बघून घ्या. १० ते १२ मिलिमीटरची हवी. त्याहून पातळ छत मधोमध झुकतं, आणि त्याला हीटर टांगला की आणखीच. जोडणी सोपी आहे, पण घाई केली की काच अडकते. तळ, मागची फळी, दोन बाजू, समोरच्या पट्ट्या आणि छत हे सगळं आधी स्क्रू सैल ठेवून उभं करा. मग समोरच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. १२० बाय ६०च्या चौकटीचा कर्ण १३४ सेंटिमीटरच्या आसपास येतो. नेमका आकडा महत्त्वाचा नाही, दोन्ही कर्ण सारखे येणं महत्त्वाचं. तीन-चार मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर चौकट तिरकी झाली आहे, हातानं ढकलून सरळ करा आणि मगच स्क्रू आवळा. आवळायला साधा पेचकस वापरा. ड्रिलनं पीव्हीसीतले आटे बघता बघता निघतात, आणि एकदा ते भोक सैल झालं की तिथे स्क्रू पुन्हा धरत नाही.

तळाच्या सांध्यांत सिलिकॉनची पट्टी भरायला माहितीपत्रक सहसा सांगत नाही. तरी भरा. वाटी सांडली किंवा सापानं घाण केली की द्रव सांध्यात उतरतो, फळीखाली कुजतो आणि दोन महिन्यांनी वास कुठून येतोय ते कळत नाही. बाथरूमसाठीचं बुरशीरोधक सिलिकॉन नको, त्यातलं रसायन सापाला घातक ठरू शकतं, मत्स्यालयासाठीचं घ्या. भरल्यावर व्हिनेगरसारखा वास येतो. तो पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे निदान दोन-तीन दिवस, पेटी उघडी ठेवा.

आता पळून जाण्याच्या वाटा. जिथून डोकं जातं तिथून साप जातो, हे एकच माप लक्षात ठेवायचं. पहिली वाट दोन काचा एकमेकींवर येतात तिथली फट. मोठ्या पायथनला ती पुरत नाही, पण याच पेटीत कुणी कॉर्न स्नेक हा दुसरा, सडपातळ पाळीव साप ठेवला तर त्याचं नवजात पिल्लू पेन्सिलीएवढं असतं, त्याला ही फट म्हणजे दरवाजाच. मऊ पारदर्शक प्लास्टिकची पट्टी लावून ती बंद करा. दुसरी वाट मागचं वायरीचं भोक. तिथे स्पंज कोंबू नका, साप नाकानं ढकलून तो बाहेर काढतो. स्क्रूनं बसणारी झाकणी लावा. आणि काचेला कुलूप किंवा पाचर हवीच. साप नाक काचेला टेकवून रेटत राहतो, खाच गुळगुळीत असेल तर काच हळूहळू सरकते. हवेच्या जाळ्या मात्र चिकटवून बंद करू नका. एका बाजूला खाली आणि दुसऱ्या बाजूला वर अशा त्या असतील तर रचना नीट केली आहे असं समजा.

इथवर कौतुक. आता हीट मॅट.

मॅट पेटीच्या तळाखाली ठेवा असं सांगितलेलं असतं. हा सल्ला मुळात काचेच्या टाकीचा आहे. पीव्हीसी उष्णतेला अडवतं, म्हणून मॅट खाली ठेवली तर ती स्वतः तापत राहते आणि आत जेमतेम कोमट होतं. आत ठेवली तर दुसरं संकट. मॅटवर कोकोपीटचा जाड थर पडला की उष्णता खालीच कोंडते, वरून हात लावला तर काही जाणवत नाही, आणि साप नेमका तो थर उकरून खाली जाऊन बसतो. नियंत्रणाशिवायची मॅट ४५ अंशांच्या वर सहज जाते. पोटाखालचे खवले भाजतात. आधी गुलाबी डाग, मग फोड, मग काळपट सुटलेली कातडी. जागा गरम वाटली की साप उठून जाईल असं वाटतं, पण अंगावर ऊब पसरलेली असताना तो त्याच जागी भाजत पडून राहिल्याची उदाहरणं पशुवैद्यांना नवीन नाहीत. शिवाय मॅट हवा तापवत नाही. पोट गरम आणि फुप्फुसात जाणारी हवा थंड, हे दमट पेटीत श्वसनाच्या संसर्गाला आमंत्रण आहे.

लाल-निळ्या दिव्याबद्दल फार बोलायला नको. 'सापाला लाल रंग दिसत नाही म्हणून रात्री लावा' हे विक्रीचं वाक्य आहे. प्रकाश त्याला जाणवतो, आणि रात्री त्याला अंधार हवा. खोक्यातच राहू द्या.

त्याऐवजी काय लावायचं? चार फुटी बंद पेटीला छतावर बसणारं उष्णता-पॅनल सगळ्यांत बरं. साधारण घरातल्या तापमानाला ८० वॅटचं पुरतं. ते चपटं असतं, त्याचा पृष्ठभाग दिव्याइतका तापत नाही, प्रकाश देत नाही आणि त्यावर वेटोळं घालून बसायला जागा नसते. दुसरा पर्याय १०० वॅटचा सिरॅमिक हीटर. त्याला चिनी मातीचा होल्डर लागतो, प्लास्टिकचा होल्डर वितळतो. आणि भोवती छताला स्क्रूनं घट्ट बसवलेला तारेचा पिंजरा लागतो. सिरॅमिक हीटरचं अंग २०० अंशांच्याही वर जातं, आणि बॉल पायथन चढत नाही या समजुतीवर विसंबून पिंजरा न लावणाऱ्यांचे साप रात्री बरोबर तिथेच सापडतात. हॅलोजनचा दिवा दिवसा उत्तम ऊब देतो, सूर्याच्या जास्त जवळची. पण तो फक्त दिवसापुरता, रात्रीसाठी दुसरी सोय करावी लागते. नवख्यानं एका पॅनलवर भागवावं. तापणारे दगड नावाचा प्रकार दुकानात दिसला तर बघून पुढे जा.

आणि थर्मोस्टॅट, म्हणजे ठरवलेलं तापमान राखण्यासाठी हीटरला आवर घालणारं यंत्र. कित्येक संचांत तो नसतोच, असला तर साधा चालू-बंद जातीचा असतो. थर्मोस्टॅटशिवाय कुठलाही हीटर लावायचा नाही. या एका मुद्द्यावर आम्ही सवलत देत नाही. चालू-बंद प्रकार मॅटला चालतो. पॅनलला आणि सिरॅमिकला पल्स प्रकार चांगला, कारण तो विजेचे छोटे छोटे तुकडे पाठवून तापमान स्थिर धरतो. हॅलोजनला मात्र डिमर, म्हणजे विजेचा जोर हळूहळू कमी-जास्त करणारा प्रकारच हवा. चालू-बंदवर हॅलोजन लावलात तर दिवा दिवसभर लुकलुकत राहील आणि लवकर जाईल. थर्मोस्टॅटवर लिहिलेली वॅटची मर्यादा हीटरपेक्षा जास्त असल्याची खात्री करून घ्या.

खरी मेख प्रोबची आहे. प्रोब म्हणजे वायरीच्या टोकाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा. थर्मोस्टॅटला जगाबद्दल जे काही कळतं ते त्याच्याचकडून. संचातला प्रोब रबरी सक्शन कपनं भिंतीला चिकटवायचा असतो. दमट हवेत सक्शन कप आज ना उद्या सुटतो. रात्री साप भिंतीकडेनं फिरतो, वायरीवर अंग टाकतो, कप सुटतो आणि प्रोब जाऊन पडतो पाण्याच्या वाटीत. पाणी २५ अंशांचं. थर्मोस्टॅटला वाटतं पेटी गारठली, तो हीटर पूर्ण जोरात चालू करतो आणि तसाच ठेवतो. सकाळी पेटीत ४२ अंश. यंत्रात बिघाड नसतो, त्यानं त्याला मिळालेल्या बातमीप्रमाणे इमानदारीनं काम केलेलं असतं. प्रोब दाराच्या फटीतून बाहेर राहिला तरी हेच होतं, आणि ते साफसफाईनंतर घाईघाईत फार वेळा होतं.

म्हणून प्रोबची वायर स्क्रूच्या क्लिपांनी भिंतीला पक्की करा, दर वीतभर अंतरावर एक क्लिप. टोक हीटरच्या खाली, साप बसतो त्या उंचीवर, म्हणजे गरम बाजूच्या लपणाच्या (सापाच्या लपायच्या जागेच्या) छताजवळ येऊ द्या. चिकटपट्टी वापरू नका. कुठलीही, कितीही थोडी. ओलाव्यानं तिची कड सुटते, साप तिच्यावरून घासत जातो आणि पट्टी खवल्यांना चिकटते. सोडवायला तो वळवळतो आणि आणखी गुंडाळला जातो. असं झालंच तर ओढू नका, वरचा खवला पट्टीबरोबर सोलून येतो. खाद्यतेलाचं बोट कडेला लावत लावत, गोंद विरघळेल तसतशी मिलिमीटर मिलिमीटरनं सोडवा, डोक्याकडून शेपटीच्या दिशेनं.

मोजायचं कशानं? संचातली काट्याची मापकं काचेला चिकटतात आणि काचेजवळच्या हवेचा अंदाज सांगतात. त्यातही दोन मापकं शेजारी ठेवली तर दोघांचे आकडे जुळतीलच असं नाही. दोन डिजिटल मापकं घ्या, आर्द्रतेसकट. एक गरम टोकाला, एक थंड टोकाला, दोन्ही जमिनीलगत. साप जमिनीवर राहतो, छताजवळच्या हवेचं त्याला काय? तिसरं इन्फ्रारेडचं पिस्तूल. ते पृष्ठभाग मोजतं, हवा नाही, आणि बंद काचेतून रोखलंत तर काचेचंच तापमान दाखवतं. दार उघडून मोजा.

आर्द्रतेचं मापक खोटं बोलतंय का ते घरी तपासता येतं. बाटलीच्या झाकणात मीठ भरा, त्यावर इतकंच पाणी टाका की मीठ ओल्या वाळूसारखं होईल; विरघळलं तर जास्त झालं. झाकण आणि मापक हवाबंद पिशवीत एकत्र ठेवा, पाणी मापकाला लागू देऊ नका. खोलीच्या तापमानाला आठ-दहा तासांनी पिशवीतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मापक ६८ दाखवत असेल तर त्यात नेहमी ७ मिळवायचे, असं मागच्या बाजूला मार्करनं लिहून ठेवा.

आता आकडे. गरम बाजूला लपणाच्या वरचा पृष्ठभाग ३२ ते ३४ अंश सेल्सिअस, तिथली हवा ३० ते ३१. थंड बाजू २५ ते २७. रात्री थोडं उतरलं तर चालतं, २४च्या खाली नको. आर्द्रता ६० ते ८० टक्के. गरम टोकापासून थंड टोकापर्यंतचा हा तापमानाचा उतार महत्त्वाचा आहे, कारण साप स्वतःचं तापमान जागा बदलून सांभाळतो. सगळी पेटी एकसारखी ३१ अंश असेल तर मापक बघून मालक खूश होतो आणि सापाला निवायला कोपरा उरत नाही. म्हणून हीटर मधोमध लावू नका, एका टोकाच्या तिसऱ्या हिश्शात लावा.

थर्मोस्टॅटवर ३२ लावले म्हणजे जागेवर ३२ झाले असं नसतं. लपणाच्या छतावर पिस्तूल रोखा, आकडा ३५ आला तर थर्मोस्टॅट ३१ वर आणा, दोन तास थांबा, पुन्हा मोजा. दर वेळी एकाच अंशानं हलवा. असं करत पेटी साप न सोडता, पण पूर्ण मांडलेली, निदान पाच-सहा दिवस चालवा. रिकाम्या म्हणजे थर, वाटी, लपण काही न ठेवलेल्या पेटीत घेतलेले आकडे उपयोगाचे नसतात, सामान आत गेलं की हवा वेगळी फिरते. हीटर सतत पूर्ण जोरात चालत असेल तर तो कमी पडतोय. क्षणभर चालू आणि दहा मिनिटं बंद असं होत असेल तर गरजेपेक्षा मोठा आहे.

लपण. संचात एकच येतं, तो अर्धा ओंडका, दोन्ही तोंडं उघडी आणि छत उंच. म्हणजे लपण कमी आणि पूल जास्त. सापाला लपण अंगाला घट्ट हवं. वेटोळं घातल्यावर पाठ छताला आणि कुशी भिंतींना टेकल्या पाहिजेत, दार एकच आणि सापाच्या सर्वांत जाड भागाच्या दीडपट. पूर्ण वाढलेल्या मादीलाही साधारण ३० बाय २० सेंटिमीटरचं, चार-पाच बोटं उंचीचं लपण पुरतं. बघणाऱ्याला 'बिचारा कोंबला गेलाय' असं वाटलं की माप बरोबर आहे.

अशी दोन लपणं हवीत, सारख्या घडणीची, एक गरम टोकाला आणि एक थंड टोकाला. एकच असेल तर साप ऊब आणि सुरक्षितता यांत निवड करतो, आणि तो जवळजवळ नेहमी सुरक्षितता निवडतो. एकुलतं लपण गरम बाजूला ठेवलंत तर तो तापत तिथेच बसेल. थंड बाजूला ठेवलंत तर खाल्लेलं पचणार नाही आणि उलटून टाकेल. तिसरं, कात टाकायच्या दिवसांसाठीचं ओलं लपण घरी होतं: झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्याला बाजूनं भोक पाडा, भोकाची कड मेणबत्तीनं किंवा सँडपेपरनं गुळगुळीत करा, आत ओलं करून पिळलेलं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) भरा. तो अर्धा ओंडका फेकू नका. एक तोंड भिंतीला टेकवा, निम्मा थरात गाडा, अंधारी बोळ तयार होते.

कोकोपीटची एक वीट हा संचातला विनोद आहे. ६५० ग्रॅमची वीट फुगून आठ-नऊ लिटर होते. पेटीच्या तळाला सहा सेंटिमीटरचा थर द्यायचा तर १२० × ६० × ६ म्हणजे ४३ लिटर लागतात, सरळ पाच विटा. एका विटेत सव्वा सेंटिमीटरसुद्धा होत नाही; तेवढ्या थरात ओलावा धरत नाही आणि सापानं उकरलं की खालची फळी दिसते.

वीट कोमट पाण्यात भिजवा, एका विटेला तीन-चार लिटर. फुगल्यावर मूठभर घेऊन दाबा. गोळा झाला आणि बोटांतून थेंब पडला नाही तर ठीक. थेंब पडला तर पसरून वाळवा. नुसतं बारीक कोकोपीट सुकलं की धूळ होते, ती नाकपुड्यांत आणि ओठांवरच्या उष्णता टिपणाऱ्या खड्ड्यांत बसते. त्यात नारळाच्या सालीचे जाड तुकडे निम्म्यानं मिसळले की धूळही कमी आणि हवाही खेळती. देवदार आणि पाइनचा भुसा नको, त्याच्या वासाची द्रव्यंच फुप्फुसांना त्रास देतात.

दमटपणा फवाऱ्यानं आणायचा नसतो. फवारा वरचा थर ओला करतो, आकडा तासभर उडी मारतो आणि पुन्हा खाली येतो; मालक पुन्हा फवारतो, आणि साप ओल्या जमिनीवर पडून राहतो. पोटाचे खवले तांबूस होऊन कडेनं उचलले जायला लागतात ते अशानं. त्यापेक्षा चारही कोपऱ्यांत मिळून अर्धा लिटर पाणी सावकाश ओता. ते खाली उतरतं, खालचा थर ओला आणि वरचा कोरडा राहतो, आणि ओलावा दिवसेंदिवस वर येत राहतो. पुन्हा कधी ओतायचं? थरात बोट खुपसा. तळाशी गारवा लागला तर थांबा. थंड आणि ओलं, ही जोडी सगळ्यांत वाईट. आर्द्रता वाढवण्याआधी तापमान बरोबर आहे ना ते बघा.

पाण्याची वाटी जड चिनी मातीची घ्या, संचातली हलकी प्लास्टिकची तो पहिल्याच रात्री पालथी करेल. ठेवा थंड बाजूला. प्लास्टिकची वेल चालते, एकीनं भागत नाही. पेटीचा मधला उघडा पट्टा पानांनी, कॉर्कच्या सालींनी, आडव्या फांद्यांनी भरून काढा. फांदी भिंतीला स्क्रूनं बांधा, दीड-दोन किलोचा साप तिच्यावर लोंबकळणार आहे. बाहेरून आणलेलं लाकूड आधी ओव्हनमध्ये १०० ते १२० अंशांवर अर्धा तास, समोर उभं राहून. दिवसा बारा तास प्रकाश, रात्री बारा तास अंधार. कमी तीव्रतेची यूव्हीबी (अतिनील किरणांची) नळी लावली तर चांगलंच, पण ती पेटीच्या आत. काच यूव्हीबी अडवते.

लहान पिल्लाला चार फुटी पेटी मोठी होते, ते घाबरून खात नाही, हा आक्षेप वारंवार ऐकू येतो. साप साप म्हणून भुई धोपटण्यातला प्रकार. पिल्लू घाबरतं ते रिकाम्या जागेला. त्याच्या मापाची चार-पाच लपणं आणि दाट पानोळा दिलात तर तीच पेटी चालते. कॉर्न स्नेकसाठी हा संच घेत असाल तर आकडे बदलतात: गरम जागा ३० अंशांच्या आसपास, थंड बाजू २२ ते २४, आर्द्रता ४० ते ६०, थर अ‍ॅस्पेनच्या भुशाचाही चालतो, पण तो ओला झाला की बुरशी धरतो. आणि फटींची तपासणी दुप्पट कडक.

साप आत सोडल्यावर आठवडाभर त्याला हात लावू नका, फक्त पाणी बदला. नवा साप घरातल्या दुसऱ्या सापांपासून दोन-तीन महिने वेगळ्या खोलीत, थराऐवजी साध्या कागदावर ठेवावा. कागदावर माइट (सापाचं रक्त पिणारे बारीक किडे) लगेच दिसतात, कोकोपीटमध्ये नाही. पेटी कशी जमली आहे ते मग सापच सांगतो. तासन्‌तास वाटीत बसून असेल तर एक तर पेटी फार गरम आहे किंवा अंगावर माइट आहेत. वाटीच्या तळाशी मिरपुडीसारखे काळे ठिपके दिसतात का ते बघा. थंड लपणातून हलतच नसेल तर गरम बाजूचा पृष्ठभाग पुन्हा मोजा. रात्रभर नाक काचेला घासत असेल तर लपणं कमी किंवा चुकीच्या मापाची आहेत. कात अखंड मोज्यासारखी निघाली तर आर्द्रता बरोबर. तुकड्यांत निघाली तर टाकलेल्या कातीवर डोळ्यांच्या दोन्ही टोप्या (डोळ्यांवरचे पारदर्शक खवले) आणि शेपटीचं टोक आहे का ते शोधा. टोपी डोळ्यावरच राहिली असेल तर चिमट्यानं काढायला जाऊ नका. दोन दिवस ओलं लपण द्या, न सुटल्यास पशुवैद्य.

साफ करताना फिनाईल पेटीच्या आसपासही नको, फिनॉलची द्रव्यं सापांना विषारी असतात. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचं सौम्य द्रावण चालतं, किंवा ब्लीच दहा पट पाण्यात, मग भरपूर पाण्यानं धुऊन वास जाईपर्यंत वाळवणं. वाटी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका आणि नंतर हात साबणानं धुवा. निरोगी दिसणारा सापही साल्मोनेला हे माणसाचं पोट बिघडवणारे जीवाणू बाळगून असू शकतो.

दर महिन्याला थर्मोस्टॅटची परीक्षा घ्या. प्रोब जलरोधक असेल तर तो ४० अंशांच्या पाण्याच्या कपात बुडवा, थर्मोस्टॅटवरचा 'हीटर चालू' दाखवणारा दिवा मिनिटभरात विझला पाहिजे. बाहेर काढून पुसा, निवू द्या, पुन्हा लागला पाहिजे. विझला नाही तर हीटरची पिन लगेच काढा आणि नवा थर्मोस्टॅट येईपर्यंत ती भिंतीत घालू नका. तोवर पेटीऐवजी खोलीच उबदार ठेवा. परीक्षा झाल्यावर प्रोब पुन्हा क्लिपमध्ये अडकवला का, हे दार बंद करण्याआधी एकदा बघा.